फ्लेक्स देखणा होता, मग रॉनी कसा जिंकला?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण प्रशिक्षकाचा आहे. १९९८ च्या मिस्टर ऑलिम्पियातले, म्हणजे शरीरसौष्ठवातल्या सर्वात मोठ्या स्पर्धेतले, दोन फोटो त्याने शेजारी शेजारी लावलेत, दोन्ही बॅक डबल बायसेप्सचे, म्हणजे पाठमोरं उभं राहून दोन्ही दंड वर आवळण्याच्या पोझचे. एकात रॉनी कोलमन, दुसऱ्यात फ्लेक्स व्हीलर. त्याचं म्हणणं असं, की कंबर फ्लेक्सची बारीक, सांधे नाजूक, स्नायू गोलाकार. प्रमाणबद्धता म्हणतात ती हीच ना? मग पहिला नंबर रॉनीचा कसा? त्याला जोडून दुसरा प्रश्न. त्याच्याकडे ७० किलो वजनगटात उतरणारी दोन मुलं आहेत. एक १६४ सेंटिमीटर उंचीचा, दुसरा १७२. ठेंगण्याची पाठ जाड पण कंबरही जाड, उंचाची कंबर बारीक पण पाठीचा खालचा भाग सपाट. दोघांना पाठमोरं उभं केलं की तुलना कुठून सुरू करायची?

पंचांच्या टेबलावर बसून मला वीसेक वर्षं झाली. त्याआधी काही वर्षं त्याच स्टेजवर तेल चोपडून उभाही राहिलो, फार काही जिंकलो नाही. तेव्हा जे सांगतोय ते बघण्याच्या सवयीतून आलेलं आहे. ज्यांची सवय वेगळी त्यांचं मत वेगळं असेल.

तर प्रशिक्षक महाशय, आधी तुमच्या त्या फोटोंबद्दल. एक फोटो रॉनी मधोमध उभा असतानाचा वाटतो, दुसऱ्यात फ्लेक्स ओळीच्या टोकाला असावा. दिवे दोघांवर सारखे पडलेले नाहीत. रॉनीने पोझ पूर्ण बांधली आहे, फ्लेक्सच्या डाव्या पायाची टाच अजून टेकलेली दिसते, म्हणजे पोझ लागायच्या आतच बटण दाबलं गेलं. अशा दोन फोटोंची तुलना म्हणजे एकाचा लग्नातला फोटो आणि दुसऱ्याचा आधार कार्डावरचा. स्टेजच्या अगदी खाली बसलेला फोटोग्राफर कॅमेरा वर धरून फोटो काढतो तेव्हा मांड्या आणि काफ (पोटऱ्या) मोठे दिसतात, खांदे अरुंद होतात, डोकं लहान होतं. तोच कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरला की माणूस बदलतो. म्हणून पंच खेळाडूंना एकाच वेळी, एकाच ओळीत, एकाच पोझमध्ये उभं करतात, मग जागा बदलायला लावतात, आणि तीच पोझ पुन्हा मागतात.

ही जागा बदलण्याची गोष्ट मी एकदा अंगावर घेऊन शिकलो. तालुक्याच्या गावी मैदानावर मंडप होता, हॅलोजन सगळे डाव्या बाजूला बांधलेले. उजव्या टोकाचा मुलगा मला तिन्ही वेळा फ्लॅट, म्हणजे रेषा नसलेला, सपाट दिसला, मी त्याला पाचवा धरला. शेजारच्या पंचाने त्याला मध्ये बोलावलं आणि पाठीवर एकदम नकाशा उमटला. मी कागदावरचा आकडा खोडला. त्याआधीच्या वर्षांत असे किती आकडे खोडायचे राहून गेले, ते आता मोजण्यात अर्थ नाही.

आणखी एक गैरसमज दूर करू. प्रेक्षक विचारतात, ‘अमक्याला किती मार्क मिळाले?’ आपल्याकडे खेळाडूला शंभरपैकी मार्क नसतात. पंच क्रमांक लावतो: हा पहिला, हा दुसरा, हा तिसरा. सगळ्या पंचांचे क्रमांक मांडतात, टोकाचे आकडे वगळतात, उरलेल्यांची बेरीज करतात, आणि ज्याची बेरीज सर्वात कमी तो विजेता. त्यामुळे ‘फ्लेक्सची प्रमाणबद्धता किती?’ हा प्रश्न पंचासमोर येतच नाही. येतो तो एवढाच: आत्ता, या पोझमध्ये, या माणसाच्या शेजारी कोण सरस?

आता बॅक डबल बायसेप्स. तुम्ही निवडलेली पोझ सात अनिवार्य पोझपैकी सगळ्यात निर्दयी आहे. फ्रंट डबलमध्ये, म्हणजे हीच पोझ समोरून, दंड, छाती, पोट, मांड्या एवढं बघितलं की बरंचसं कळतं. पाठमोरं फिरल्यावर मान, ट्रॅप्स (मानेपासून खांद्यावर उतरणारे स्नायू), खांद्याचा मागचा भाग, दंड, मनगटाकडचा हात, खांद्याच्या पात्यावरचे लहान स्नायू, लॅट्स (काखेखालचे पाठीचे रुंद स्नायू), कण्याच्या दोन्ही बाजूंचे दोर, कमरेच्या कडा, ग्लूट्स (नितंबांचे स्नायू), हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे) आणि काफ हे सगळं एका वेळी उघडं पडतं. आरशात स्वतःला हे काहीच दिसत नाही. मुलं रोज आरशासमोर जे दिसतं तेच घडवतात, आणि स्टेजवर पाठ फिरवली की दोन वर्षांचा आळस चव्हाट्यावर येतो.

पोझ कशी बांधतात ते माहीत नसेल तर तुलना चुकते, म्हणून थोडं थांबतो. एक पाय मागे, चवड्यावर, टाच उचललेली, गुडघा किंचित वाकलेला. त्यामुळे त्या पायाची पोटरी गोळा होते आणि मांडीचा मागचा भाग आवळता येतो. हात वर, कोपरं खांद्याच्या रेषेच्या जरा वर. कोपरं खाली पडली की माणूस थकल्यासारखा दिसतो. फार वर गेली तर ट्रॅप्स गोळा होऊन खांदे आत ओढले जातात आणि रुंदी जाते. धड किंचित मागे, कारण पंच खाली बसलेले असतात आणि दिवे वरून येतात. पण हे ‘किंचित’ फार महत्त्वाचं. जास्त रेललात की लोअर बॅकची घडी होते आणि तिथली सगळी मेहनत त्या घडीत गडप.

या पोझची खरी गोम मात्र खांद्यांच्या पात्यांमध्ये आहे. पाती एकमेकांकडे आवळली तर मधला भाग जाड दिसतो, रेषा उमटतात, पण पाठ अरुंद होते. पाती बाहेर पसरली तर पाठ रुंद दिसते, रेषा मात्र पुसट होतात. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाही. प्रत्येक खेळाडू स्वतःच्या सोयीचा बिंदू निवडतो: जाडी कमी असेल तो पसरतो, रुंदी कमी असेल तो आवळतो. म्हणून पोझ बघताना मी स्वतःला विचारतो, की हा मला काय दाखवतोय, आणि ते दाखवण्यासाठी काय झाकतोय? यासाठी पोझ दहा-पंधरा सेकंद धरायला लावायची. सुरुवातीला सगळेच छान दिसतात. श्वास अडकला, पाय थरथरला, की झाकलेलं बाहेर येतं.

नियमपुस्तक सांगतं की आधी दंड बघा, मग डोक्यापासून पायापर्यंत खाली या. मी तसंच करतो. पण दोन खेळाडू अगदी तोडीस तोड असतील तर मी उलटा येतो, टाचेपासून वर. कारण खेळाडूचं लक्ष वरच असतं. टाळ्या दंडावर पडतात, प्रशिक्षक खालून ‘कोपरं वर, कोपरं वर’ ओरडत असतो, आणि थकवा आला की पहिला सुटतो तो मागचा पाय. हॅमस्ट्रिंग ढिलं, ग्लूट्स मऊ, टाच जमिनीवर. दंड मात्र शेवटच्या सेकंदापर्यंत कडक. दोघांचे दंड सारखे असतील तर निकाल मला पोटरी आणि मांडीच्या मागच्या बाजूला सापडतो, आणि बहुतेक वेळा तोच निकाल वर पाठीवरही टिकतो.

त्याआधी एक काम करतो. डोळे थोडे बारीक करतो, म्हणजे रेषा-बिषा पुसल्या जातात आणि फक्त बाह्याकार उरतो. खांदे किती रुंद, तिथून कमरेपर्यंत रेषा कशी उतरते, नितंबांवर किती बाहेर येते, पोटरीपाशी पुन्हा फुगते का. हा आकार बराचसा हाडांचा असतो. खांद्याचं हाड लांब आणि ओटीपोटाचं हाड अरुंद, हे कुणी जिममध्ये कमावत नाही. स्नायू हाडाला कुठे चिकटतो तेही आईबापांकडून येतं. काहींचे लॅट्स थेट कमरेपर्यंत उतरतात, काहींचे बरगड्यांच्या मध्यावरच संपतात आणि खाली रिकामी जागा राहते. काहींची पोटरी गुडघ्याजवळच गोळा होते, खाली काठीसारखी नळी. उंच चिकटलेल्या पोटरीवर आयुष्यभर मेहनत करूनही ती खाली उतरत नाही. अशा मुलाला ‘काफ मारत नाहीस’ म्हणून झापणारे प्रशिक्षक मी पाहिलेत, आणि तो मुलगा आठवड्यातून चार दिवस काफच मारत होता.

तर प्रमाणबद्धता. आपण या एका शब्दात तीन गोष्टी कोंबतो. डावं-उजवं सारखं असणं ही एक. वरचं-खालचं, पुढचं-मागचं एकमेकांना शोभणं ही दुसरी. आणि हाडांचा, सांध्यांचा, स्नायूंच्या गोलाईचा देखणेपणा ही तिसरी. तुम्ही फ्लेक्समध्ये बघताय ती तिसरी. त्यात तो त्याच्या पिढीत जवळजवळ अजोड होता, यात मला तरी शंका नाही. पण पंच तिन्ही बघतात आणि त्यांवर स्नायूंची घनता आणि कंडिशनिंग, म्हणजे चरबी किती उतरली आहे ते, ठेवतात.

पहिलीचं उदाहरण डोरियन येट्स, रॉनीच्या आधीचा ऑलिम्पिया विजेता. १९९४ च्या ऑलिम्पियाआधी त्याचा डावा बायसेप्स फाटला. फाटलेला बायसेप्स लपवायला बॅक डबलएवढी वाईट पोझ दुसरी नाही, दोन्ही हात वर, शेजारी शेजारी, तुलनेला तयार. तरी तो जिंकला, आणि १९९७ पर्यंत जिंकत राहिला. शेवटच्या वर्षी तर डावा ट्रायसेप्सही फाटलेला होता. याचा अर्थ पंचांना डावं-उजवं कळत नव्हतं असा नाही. बाकीची पाठ एवढी पुढे होती, की त्या एका खड्ड्याची किंमत वजा करूनही तो वर उरला. उलट २००६ मध्ये रॉनीच्या पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा बारीक झालेली पाठमोऱ्या पोझमध्ये स्पष्ट दिसत होती, आणि त्या वर्षी जे कटलरने त्याला हरवलं. तेव्हा ‘डावं-उजवं असमान म्हणजे बाद’ असा नियम करू नका. दोष किती मोठा आहे, कुठे आहे, आणि समोर कोण उभा आहे, यावर त्याचं वजन ठरतं.

दुसरी गोष्ट जुनी आहे, या खेळाइतकीच जुनी. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडो या त्या काळच्या नामवंत शरीरसौष्ठवपटूने जी मोठी स्पर्धा भरवली तिथे परीक्षकांत तो स्वतः, लेखक आर्थर कॉनन डॉयल आणि चार्ल्स लॉज नावाचे शिल्पकार होते. शिल्पकार! ही निवड मला अजून आवडते. सँडोला केवळ मोठे स्नायू नको होते, सर्वांगाचा समतोल हवा होता, आणि तो ओळखणारा डोळा त्याने शिल्पकाराकडे शोधला. पुढे स्टीव्ह रीव्ह्ज या जुन्या शरीरसौष्ठवपटूबद्दल कौतुकाने सांगत, की त्याची मान, दंड आणि पोटरी एकाच मापाची आहे. हे माप आजही मुलं टेप घेऊन तपासतात. आजच्या दंडांशी मान जुळवायला गेलात तर माणूस रेड्यासारखा दिसेल. माप हा इशारा आहे, निकाल नव्हे.

इथे आपल्या मातीतलं एक निरीक्षण सांगतो, कारण सांगली-कोल्हापूरकडची मुलं बघताना ते उपयोगी पडतं. तालमीतून आलेल्या मुलाची छाती, ट्रायसेप्स आणि मांड्या चांगल्या असतात, पाठ मात्र मागे राहते. कारण सरळ आहे: दंड-बैठका. दंड म्हणजे ढकलणं, बैठक म्हणजे मांडी. ओढण्याचा व्यायाम त्यात नाही. तेच मल्लखांब केलेल्या मुलाला पाठमोरा उभा करा. स्वतःचं अंग खांबावर ओढून ओढून त्याचे लॅट्स काखेपासून खाली उतरलेले असतात, मनगटाचा हात दोरखंडासारखा. मांडी मात्र बेताची. पैलवानाचा आणखी एक घोळ म्हणजे मान. कुस्तीत ती जाड हवीच, पण जाड मान आणि उंच ट्रॅप्स यांनी खांदे अरुंद भासतात. खांद्याची मोजपट्टी दोघांची सारखी असली तरी बारीक मानेचा मुलगा स्टेजवर रुंद दिसतो. मी अशा एका मुलाला वर्षभर श्रग्ज (वजन धरून खांदे उचलण्याचा व्यायाम) बंद करायला सांगितले होते. आखाड्यातले वस्ताद माझ्यावर रुसले ते वेगळं.

आता १९९८ कडे या. न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. येट्स निवृत्त झालेला, गादी रिकामी, आणि बहुतेकांच्या मते ती फ्लेक्सची. रॉनी आदल्या वर्षी नववा होता, टेक्सासमध्ये पोलिसाची नोकरी करणारा. नवव्यावरून थेट पहिला, हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. बहुधा त्याच्याही नाही. नाव पुकारल्यावर तो अक्षरशः कोसळला होता.

समोरून बघितलं तर तुमचं बरोबर आहे. फ्रंट डबलमध्ये मी फ्लेक्सला वर धरला असता. खांदे गोल, कंबर बारीक, कुठेच सांधा जाड नाही, नजर वरून खाली घसरत जाते आणि कुठे अडखळत नाही. रॉनीकडे बघताना नजर अडखळायची जागा म्हणजे काफ. मांड्यांच्या मानाने ते लहानच, पुढेही लहानच राहिले. म्हणजे माझ्या टाचेपासून वर येण्याच्या पद्धतीत रॉनी पहिल्याच पायरीवर मार खातो. हे मी लपवत नाही.

पण एक पायरी वर चढा. हॅमस्ट्रिंग. रॉनीचं मांडीच्या मागे लटकलेलं, बाजूने कमानीसारखं, आणि आवळल्यावर त्यात रेघा. त्याच्या वर ग्लूट्स, तिथेही रेघा. फ्लेक्स इथे चांगला आहे, पण नुसता चांगला. आणखी वर लोअर बॅक. कण्याच्या दोन्ही बाजूंना रॉनीचे दोर बोटभर खोल खाचेने वेगळे झालेले. लोअर बॅकच्या रेषांनी जो झाडासारखा आकार उमटतो त्याला म्हणतात तो ‘ख्रिसमस ट्री’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. १९८३ चा विजेता सामिर बनूत याच्या लोअर बॅकमुळे तो लोकांच्या तोंडी बसला. फ्लेक्सचा तिथला भाग रॉनीशेजारी सपाट वाटतो. एकटा उभा असता तर कुणी काही म्हटलं नसतं. मग मधली पाठ: रॉनीने पाती आवळलेली आहेत आणि तरीही रुंदी गेलेली नाही. मी वर म्हटलं ना, दोन्ही एकदम मिळत नाही. रॉनीला त्या रात्री जवळजवळ मिळालं, आणि सगळी गोष्ट तिथे आहे. फ्लेक्सला निवड करावी लागली, त्याने पसरणं निवडलं, देखणा आकार मिळाला आणि जाडी गेली. शेवटी दंड. दोघांचेही उत्तम, रॉनीचं शिखर उंच, फ्लेक्सचा दंड भरलेला आणि सुबक. इथे मी बरोबरी दिली असती.

आणि कंबर? त्या वर्षी रॉनीची कंबर अजून आटोपशीर होती, वजन ११३ किलोच्या आसपास. तुमच्या डोक्यात २००३ चा, १३० किलोचा रॉनी असावा, तेव्हाचं पोट आणि तेव्हाची कंबर. तो वेगळा माणूस समजा. कुणी विचारलं तर माझ्या लेखी १९९८-९९ चा रॉनी २००३ च्या रॉनीपेक्षा सरस, पण जिममध्ये हे बोलून बघा, अर्धा तास भांडण ठरलेलं.

सातपैकी पाठमोऱ्या पोझ दोनच, बॅक डबल आणि बॅक लॅट स्प्रेड (पाठमोरं उभं राहून लॅट्स पसरण्याची). तरी ‘स्पर्धा पाठीवर जिंकतात’ असं का म्हणतात? माझं उत्तर असं: चरबी सगळ्यात शेवटी जाते ती नितंब, मांडीचा मागचा भाग आणि लोअर बॅक इथून. समोरून दोघेही कोरडे, म्हणजे चरबी उतरलेले, दिसू शकतात. पाठ फिरवली की कोणाचं डाएट तीन आठवडे कमी पडलं ते कळतं. म्हणजे पाठमोरी पोझ स्वतःचं तर सांगतेच, वर समोरच्या पोझनी सांगितलेलं खरं होतं का तेही सांगते. फ्लेक्स आणि रॉनी यांच्यात फरक थोडाच होता, पण वळल्यावर तो एकाच बाजूला झुकत गेला.

कोरडेपणाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडणं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हे तुमच्या मुलांच्या जवळपास येऊ देऊ नका. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा अप्रतिम खेळाडू हॉलंडमधली स्पर्धा जिंकून काही तासांत गेला, शरीरातलं पाणी आटल्यामुळे. त्याची पाठ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि ती बघताना दरवेळी हेच आठवतं. जो मुलगा चार आठवडे आधी कोरडा नसेल तो शेवटच्या दोन दिवसांत होत नाही. पाणी तोडल्याने स्नायूही फ्लॅट पडतात, म्हणजे हेतूही साधत नाही.

आता तुमची दोन मुलं. फोटो पाठवले नाहीत ते बरं केलंत, मी आकड्यांवरून सांगतो.

दोघांचं वजन ७० किलो, उंचीत आठ सेंटिमीटरचा फरक. एकाच आकाराच्या दोन वस्तूंत उंची वाढली की वजन तिच्या घनाने वाढतं. १७२ भागिले १६४ म्हणजे साधारण १.०५, आणि त्याचा घन साधारण १.१५. म्हणजे ठेंगण्या मुलाइतकाच भरलेला दिसायला उंच मुलाला ८० किलोच्या पुढे जावं लागेल. तो ७० वर आहे. स्टेजवर त्याच्या शेजारी दहा किलो जास्त भरलेला मुलगा उभा असल्यासारखं दिसणार. घेराचंही तसंच: ठेंगण्याचा दंड ४० सेंटिमीटर असेल तर उंचाला तेवढाच शोभायला ४२ लागतो. टेपवर दोघं सारखे आले म्हणून आनंदू नका. बुटकेपणा हा या खेळात शाप नाही, हे मनोहर आईच यांनी १९५२ मध्येच दाखवून दिलं. चार फूट अकरा इंचांचा माणूस लंडनला जाऊन आपल्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाला.

म्हणून तुलना अशी करा. दोघांना एकाच भिंतीसमोर, एकाच दिव्याखाली पाठमोरं उभं करा. मोबाइल खेळाडूच्या कमरेच्या उंचीवर, सहा-सात पावलं मागे, झूम न करता. दोघं एकाच फ्रेममध्ये, मग जागा बदलून पुन्हा. फोटोऐवजी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि पहिले पाच सेकंद बघूच नका. आधी डोळे बारीक करून आकार बघा. तिथे उंच मुलगा जिंकेल, बारीक कंबरेवर. मग टाचेपासून वर या. तुम्ही सांगता त्यावरून लोअर बॅकपाशी तो हरेल, आणि किती फरकाने हरेल त्यावर सगळं आहे. नुसता थोडा सपाट असेल तर आकार त्याला तारून नेईल. पण तिथे खोलगट रिकामी जागा असेल, तर ७० किलोत मी ठेंगण्याला वर धरीन, जाड कंबर असूनही.

ठेंगण्याच्या कंबरेचं आधी तपासा: ती हाडाची आहे की चरबीची की जड वजनाने फुगलेल्या बाजूच्या स्नायूंची? ग्लूट्सवर बोटाने चिमट धरा. जाड चिमट आली तर कंबर अजून उतरायची आहे, स्पर्धेला वेळ आहे. कातडी पातळ असेल आणि कंबर तरी तेवढीच, तर ती हाडाची. मग खांद्याचा मागचा भाग आणि लॅट्सची वरची कड वाढवा, कंबर आपोआप बारीक भासेल. बाजूला डंबेल घेऊन वाकण्याचा व्यायाम त्याला कुणी शिकवला असेल तर तो आजच बंद करा.

उंच मुलाला यंदा उतरवूच नका असं माझं मत. डेडलिफ्ट, बारबेल रोइंग आणि मांडीच्या मागच्या बाजूची कामं, एक पूर्ण वर्ष. ७५ किलोत त्याला आणायचं तर वरचे पाच किलो पाठीच्या खालच्या अर्ध्या भागात आणि हॅमस्ट्रिंगमध्ये दिसले पाहिजेत, दंडात नाही. आणि रोज व्यायाम संपल्यावर, दमलेला असतानाच, त्याला बॅक डबल वीस सेकंद धरायला लावा. तुम्ही मागे उभे राहा, दंडांकडे बघू नका. टाच खाली आली की पुन्हा पहिल्यापासून.